दहा वर्षांच्या खुर्च्या

आमच्या घरात कागदाला छापलेली बाजू एकच असायची. पुढून जे काही छापलेलं असेल ते जगासाठी आणि मागची कोरी बाजू माझ्यासाठी. पप्पांची प्रेस घराच्या पुढच्या खोलीत होती. एक जुनं मिनी ऑफसेट छपाईयंत्र, एक कॉम्प्युटर, कागद कापायचं मशीन आणि उरलेल्या जागेत छतापर्यंत गठ्ठे. नळाला पाणी नाही म्हणून मोर्चा, कारखान्याच्या गेटवरची सभा, रक्तदान शिबिर, जयंतीचा कार्यक्रम, शाळेच्या फीवाढीचा निषेध. नाशिकच्या आमच्या टोकाला ज्याला कुणाला काही ठणकावून सांगायचं असेल, तो आमच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि चहा पिऊन झाला की पत्रकाचा मजकूर सांगायचा. छापताना बिघडलेली पत्रकं कधी टाकली जात नसत. त्यांच्या पाठीवर मी बाराखडी गिरवली, पाढे लिहिले, दहावीची गणितं सोडवली. भाकरीच्या टोपल्यात तळाला पत्रक, मसाल्याच्या डब्याखाली पत्रक, सुकटाची पुडीसुद्धा पत्रकाचीच. मला 'कमळ' हा शब्द वाचता यायच्या आधी 'जागे व्हा' वाचता येत होतं. आजही माझं लिहिणं वाचून संपादक म्हणतात, बाई, प्रत्येक वाक्यानं मूठ वळलीच पाहिजे का? त्यांना मी काय सांगणार. मला आधी मूठ शिकवली गेली, वाक्य नंतर.

सकाळी घरात दोन आवाज एकत्र चालत. पुढच्या खोलीत मशीनची खट-सूं, खट-सूं आणि मागच्या खोलीत आईचं बाजरीच्या भाकरी थापणं. काही दिवस असे असायचे की दोन्ही ताल एकमेकांत मिसळून जात, आणि मी अंथरुणात डोळे मिटून ऐकत राहायची. शाई, रॉकेल आणि तव्यावर परतलेल्या काळ्या मसाल्याचा वास सगळ्या कपड्यांना यायचा. शाळेत माझ्या शेजारची मुलगी म्हणायची, तुझ्या दप्तराला शेवभाजीचा वास येतो. मी त्यावर तिला वर्गभेदाबद्दल सांगितलं होतं.

पप्पांचा धंद्याचा एक नियम होता. मजकूर कुणाचाही असो, ते विचारत, "मोठ्या टायपात काय घ्यायचं?" आणि गिऱ्हाइकानं सांगितलं की पुढे विचारत, "यासाठी उद्या चौकात उभं राहायची तयारी आहे ना? नसेल तर बारीक करू." कितीतरी लोक तिथेच मथळा बदलायचे. त्यामुळे मोठी अक्षरं म्हणजे माणसाचा शब्द, असं आमच्या घरात कुणाला शिकवावं लागलं नाही. बारीक अक्षरात पत्रकाच्या तळाशी फक्त प्रेसचं नाव असायचं. हे सगळं मी एवढं लांबवून सांगते आहे, कारण पुढे जी चूक झाली ती दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती.

आई अंगणवाडी सेविका. दिवसभर पोरं, त्यांची वजनं, खिचडी, सरकारी रजिस्टरं आणि संध्याकाळी कॉलनीतल्या बुद्ध विहाराच्या वरच्या मजल्यावरची अभ्यासिका. अभ्यासिका म्हणजे एक लांब हॉल. तिथे तलाठी, पोलीस भरती, बँक असल्या परीक्षांची तयारी करणारी पोरं-पोरी सकाळपासून सतरंजीवर बसून वाचत. काही आमच्या कॉलनीतली, काही नांदगाव-चांदवडकडून येऊन भाड्याच्या खोलीत राहणारी. आईला त्यांची वाकलेली पाठ बघवत नसे. ती म्हणायची, "पुस्तक मांडीवर आणि नाक पुस्तकात. परीक्षा पास होतील आणि मेडिकलमध्ये नापास होतील." मग तिनं मोहीम काढली. पप्पांनी पत्रक छापलं, अख्ख्या पानावर चारच शब्द: एक घर, एक खुर्ची. ज्या घरानं वर्गणी दिली त्या घराची एक खुर्ची. आई प्रत्येक दारात उभी राहिली. मी तिच्याबरोबर असायची, पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरून.

खुर्च्या बघायला आम्ही तिघं शोरूममध्ये गेलो. एका बाजूला काळ्या, लोखंडी पायांच्या, दिसायला अगदी सरकारी ऑफिसातल्या वाटाव्यात अशा खुर्च्या होत्या. वॉरंटी तीन वर्षं. दुसऱ्या बाजूला लाकडी, तकतकीत पॉलिशच्या, गादी बसवलेल्या. त्यांच्यावर लटकलेल्या कार्डावर माझ्या तळहाताएवढ्या आकड्यात दहा लिहिलेलं. सेल्समन पोरगा त्या लाकडी खुर्चीवर उभा राहिला आणि त्यानं उडी मारून दाखवली. "ताई, बघा. हलली का? दहा वर्षं वॉरंटी. कंपनी येडी आहे का, खराब माल असता तर दहा वर्षं कशाला लिहिली असती?"

तो आमच्याच भाषेत बोलत होता. ज्यानं मोठ्या टायपात दहा छापलं, तो दहासाठी चौकात उभा राहणार. तीनपेक्षा दहा जास्त, म्हणजे ही खुर्ची त्या खुर्चीपेक्षा तिप्पट पक्की, असा आमचा हिशेब. लाकडी खुर्च्या टेम्पोत चढल्या.

आणि मग आईनं ते वॉरंटी कार्ड फ्रेम करून घेतलं. काच, लाकडी पट्टी, मागे पुठ्ठा, पुठ्ठ्याला खिळे. अभ्यासिकेच्या दारासमोरच्या भिंतीवर, आत शिरणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशा जागी ते टांगलं. दहा वर्षं. येणारी-जाणारी माणसं ते वाचत आणि आपली खुर्ची कोणती ते विचारत. आई प्रत्येकाला सांगायची, "दहा वर्षं हलणार नाही. कागदावर आहे."

दिवाळी झाली आणि खुर्च्या बोलायला लागल्या. आधी नुसती कुरकुर. कुणी वळलं की एक कुरकुर, कुणी पेन उचललं की दुसरी. वाचणारी पोरं हसायची, मग हसेनाशी झाली. मग एका दुपारी नांदगावचा सुनील खुर्चीसकट मागच्या मागे आडवा झाला. हा सुनील पोलीस भरतीचा, उंचपुरा, तोंडाळ. आई धावत गेली तर तो जमिनीवरूनच म्हणाला, "काकू, माझी चूक नाय. भूगोल वाचत होतो, भूकंपाचाच धडा होता." त्याला लागलं नव्हतं. पण खुर्चीचा मागचा पाय बैठकीपासून सुटून बाजूला पडला होता आणि त्याच्या टोकाला लाकडाची तुटकी खुंटी दिसत होती, पडलेल्या दुधाच्या दातासारखी.

त्यानंतर एकामागून एक. मोडक्या खुर्च्या जिन्याखाली रचल्या जाऊ लागल्या. आणि एक घर एक खुर्ची असल्यामुळे प्रत्येक मोडकी खुर्ची कुणाच्या तरी घरची होती. आई दळण घेऊन जात असली की ओट्यावरून हाक यायची, "ओ ताई, त्या ढिगाऱ्यात आमची कोणती हो? जरा ओळख पटवून द्या, पाया पडून येतो." दुसरी म्हणायची, "आमची अजून उभी आहे बरं. आम्ही वर्गणी मनापासून दिलेली." आई हसायची. घरी आली की मात्र पिठाचा डबा जोरात ठेवायची.

कमिटीचे अध्यक्ष गांगुर्डे काका. मनमाडला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले, आवाज अजून फलाटावरचाच. त्यांनी आमच्या ओट्यावर बसून सरळ विषय काढला. "वहिनी, मी कुणाला दोष देत नाही. पण हॉल कार्यक्रमांना द्यावा म्हणतो. साखरपुडा, बारसं, नामकरण. पोरं घरी वाचतील."

"घरी जागा असती तर इथे कशाला आली असती, काका?"

"ते खरं आहे. पण उद्या एखाद्याची मान मोडली, तर त्याच्या आईला काय दाखवायचं? तुमची ती फ्रेम?"

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाली की सगळ्यांसमोर ठरवू. तुम्ही पण बोला."

तेव्हा मी अकरावीत होते आणि मला राग आला की मी लिहायची. ती सवय गेली नाही. त्याच संध्याकाळी मी शोरूमविरुद्ध पत्रक लिहून काढलं. मथळा होता 'लाकडी लुटारूंचा पर्दाफाश'. पहिल्याच ओळीत भांडवलशाही आणि दुसऱ्या ओळीत सुनीलची पाठ. पप्पा कॉम्प्युटरवर बसले, चष्मा वर केला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "मोठ्या टायपात काय?"

"फसवणूक."

"त्यासाठी उद्या शोरूमच्या दारात उभी राहशील?"

"आत्ता राहते."

आई पदराला हात पुसत आतून आली. तिनं पडद्यावरचा मजकूर उभ्या उभ्या वाचला. "सुजे, फसवणूक म्हणायचं तर त्यांनी काय म्हटलं होतं ते पूर्ण माहीत पाहिजे."

"दहा वर्षं म्हटलं होतं. भिंतीवर आहे."

"भिंतीवर पुढची बाजू आहे," आई म्हणाली आणि बोलता बोलता थांबली. आम्ही तिघंही थांबलो. मागची बाजू असू शकते हे आमच्या डोक्यातच नव्हतं. आमच्या घरात कागदाची मागची बाजू कोरी असते.

पप्पा पक्कड घेऊन गेले आणि फ्रेम घरी आणली. खिळे उपसले, पुठ्ठा काढला. कार्ड उलटं केलं तर मागची बाजू वरपासून खालपर्यंत भरलेली होती. फिकट राखाडी शाईत, मुंगीच्या पायांएवढी इंग्रजी अक्षरं. पप्पांनी छपाईचे ठिपके तपासायचं भिंग काढलं आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. मला वाटलं ते वाचताहेत. ते म्हणाले, "एवढं बारीक आणि एक अक्षर फुटलेलं नाही. काय काम केलंय."

"अहो, मजकूर," आई म्हणाली.

मी भिंगातून वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. वॉरंटी फक्त घरगुती वापरासाठी. दुकान, शाळा, ऑफिस, सभागृह, वाचनालय अशा ठिकाणी वापरल्यास रद्द. वॉरंटी फक्त सांगाड्यातल्या कारखान्याच्या दोषाला. गादी बसली, कापड विरलं, पॉलिश उडालं, तर नाही. ओल लागली, ऊन लागलं, वाळवी लागली, तर नाही. घर बदलताना हलवली तर नाही. फरशी सपाट नसेल तर नाही. घरच्या माणसानं स्क्रू आवळला तर नाही. रोजच्या वापरानं होणारी झीज, नाही. दुरुस्त करायची की बदलून द्यायची ते कंपनी ठरवणार, ने-आण गिऱ्हाइकानं करायची, आणि मूळ बिल पाहिजे.

मी भिंग टेबलावर आपटलं. पण आईचा चेहरा वेगळाच झाला होता. दर महिन्याला काट्यावर तेवढंच राहणाऱ्या एखाद्या पोराचं वजन अचानक वाढलेलं दिसलं की ती अशी बघायची. ती हळूच म्हणाली, "यांना सगळं माहीत आहे गं."

"काय माहीत आहे?"

"आपल्या घरात काय होतं ते. फरशी सपाट नसते. भिंतीला ओल असते. घर बदलावं लागतं. स्क्रू ढिला झाला की आपणच सुरीच्या टोकानं आवळतो. बिल हरवतं. न बघता लिहिलंय यांनी." तिनं कार्ड हातात घेतलं. "पुढच्या बाजूनं वाचलं तर खुर्ची कळत नाही. मागून वाचलं तर ती कुठे मोडणार ते ओळीनं लिहिलेलं आहे."

त्या क्षणी माझं पत्रक मेलं. पडद्यावरचा मजकूर मी स्वतःच पुसून टाकला.

पुढच्या काही दिवसांत आईनं कॉलनीतली कार्डं गोळा केली. कुणाच्या सोफ्याचं, कुणाच्या कपाटाचं, कुणाच्या मुलीला लग्नात दिलेल्या पलंगाचं. अंगणवाडीत पोरांची वजनं घेते त्याच निष्ठेनं ती प्रत्येक घरात जाऊन आधी कार्ड उलटं करायची आणि मग ती वस्तू बघायची. मी भिंग धरून वाचायची. सोफ्याच्या कार्डावर सांगाडा पाच वर्षं, फोम एक वर्ष, कापड काहीच नाही. आणि सोफा बघावा तर सांगाडा ठणठणीत, फोम बसलेला, कापडाच्या चिंध्या. कपाटाच्या कार्डावर पाणी चालणार नाही असं तीन ठिकाणी लिहिलेलं. कपाट बघावं तर खालच्या फळ्या फुगून भिजलेल्या पावासारख्या झालेल्या, कारण आत लाकूड नव्हतं, दाबलेला भुसा होता. घराघरांतून त्या कार्डांच्या पाठी खऱ्या होताना दिसत होत्या. जिथे कंपनीनं वर्षं दिली होती तिथे वस्तू उभी होती. जिथे हात काढून घेतला होता तिथेच ती ढासळली होती. मला ते एखादं भविष्य वर्तवलेलं आणि अक्षरशः घडलेलं बघितल्यासारखं वाटायचं. एका मावशींनी तर आईला विचारलं, "ताई, आमच्या जावयाचं पण असं कार्ड असतं का हो? मागून वाचून ठेवलं असतं."

शोरूमवाल्यांनी हात वर केले, पण आईनं तक्रार लावून धरली म्हणून कंपनीनं एक इंजिनिअर पाठवला. देवरे नाव. सटाण्याकडचे, तिशीचे, बोलण्याच्या भरात त्यांचं 'आहे' सुटून अहिराणीतलं 'शे' व्हायचं आणि मग ते स्वतःच लाजायचे. त्यांनी जिन्याखालचा ढीग उपसला, एकेका खुर्चीचा पाय हातात घेऊन निरखला. "सगळ्या एकाच जागी गेल्यात. मागचा पाय, बैठकीजवळ. इथे बसून पोरं करतात काय?"

"वाचतात," आई म्हणाली.

"बसून दाखव रे," ते सुनीलला म्हणाले. सुनील एका धड खुर्चीवर बसला, पुस्तक उघडलं आणि नकळत मागे रेलला. खुर्चीचे पुढचे दोन पाय जमिनीवरून उचलले गेले. तो मागच्या दोन पायांवर झुलत वाचू लागला. आम्ही हॉलकडे बघितलं. निम्मी पोरं तशीच झुलत होती. आम्ही हे रोज बघत होतो आणि कधी बघितलं नव्हतं.

"घरी जेवताना असा झुलतोस का?" देवरे सरांनी विचारलं.

"घरी? आई हाणेल ना सर."

देवरे सर हसले, मग आईकडे वळले. "ताई, या खुर्च्या मला बदलून देता येणार नाहीत. पण तुम्हाला बघायचं असेल तर या अंबडला, कारखान्यात. खुर्ची मोडते कशी ते दाखवतो. असं विचारत कुणी येत नाही."

कारखान्याच्या मागच्या बाजूला एक बंद खोली होती. दार उघडल्याबरोबर मला घरी आल्यासारखं झालं, कारण आत तोच आवाज होता: खट-सूं, खट-सूं. एका लोखंडी दांड्याला माणसाच्या बैठकीच्या आकाराचं जड वजन लावलेलं होतं. ते खाली यायचं, खुर्चीवर बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. दुसरा दांडा पाठीला मागे रेटायचा, सोडायचा, रेटायचा. कोपऱ्यात एक यंत्र कपाटाचा खण ओढून बंद करत होतं. माणूस एकही नव्हता. नुसतं बसणं, नुसतं रेलणं, नुसतं उघडणं-मिटणं. माणसांच्या आयुष्यातून माणूस बाजूला काढला तर मागे काय उरेल, ते तिथे चालू होतं. एका डब्यावर आकडे सरकत होते. मी एवढी बडबडी, पण तिथे मला शब्द सापडेना. आज दहा वर्षांनीही जेमतेम एवढेच सापडलेत.

आई त्या मशीनसमोर हात जोडल्यासारखी उभी होती. "हे रोज किती वेळ चालतं?"

"रात्रंदिवस. सुट्टी नाय."

"म्हणजे अंगणवाडी सेविकाच म्हणा."

देवरे सरांनी दोन खुर्च्या शेजारी शेजारी दाखवल्या. आमची लाकडी आणि शोरूममधली ती काळी, सरकारी दिसणारी. "ही जेवणाच्या टेबलाची आहे. जेवणारा माणूस पुढे वाकतो, अर्ध्या तासात उठतो. हिला मशीनवर तेवढंच काम देतो. ही काळी ऑफिसची. दिवसभर, कुणीही, कसाही बसणार, मागे रेलणार. हिला आम्ही अक्षरशः छळतो. त्यातून उरली तर विकतो. हिची वॉरंटी तीन वर्षं, पण ती तीन वर्षं अशी आहेत." त्यांनी मशीनकडे बोट दाखवलं.

"म्हणजे तीन दहापेक्षा मोठे," आई म्हणाली.

"कुणाची तीन आणि कुणाची दहा, ते बघायचं. वर्षं नंतर, आधी काय करायला परवानगी दिलीय ते वाचायचं."

"मग दहाचा आकडा आला कुठून?" मी विचारलं. माझ्या आवाजात अजून थोडं पत्रक शिल्लक होतं.

त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं. "खरं सांगू? तो आकडा या खोलीत ठरत नाही. तो विक्रीवाले ठरवतात. दुसरा सात देतो, मग आपण दहा देऊ. आम्हाला फक्त विचारतात की त्यात आपण बुडणार तर नाही ना. आम्ही हिशेब घालतो: किती मोडतील, मोडल्यावर किती लोकांना बिल सापडेल, किती लोक बोलायला येतील. बहुतेक येतच नाहीत. हे मी बोललो म्हणून छापू नका बरं का."

मी तेव्हा छापलं नाही. आता छापते आहे, कंपनीचं नाव न घेता, कारण त्या माणसानं त्या खोलीत मला जे दिलं ते कुठल्याही पत्रकानं दिलं नव्हतं. आकडा दुकानाचा असतो आणि अटी वस्तूच्या असतात. घोषणा कुणाचीही असो, ती आता मी आधी उलटी करून बघते.

निघताना आईनं विचारलं, "आमच्या खुर्चीला जगवायचं तर?" देवरे सरांनी आमच्या खुर्चीचा सांधा उलटा करून दाखवला. इथे आतून इंग्रजी एल आकाराची लोखंडी पट्टी, नट-बोल्टनं. मागच्या दोन पायांमध्ये एक आडवी दांडी. पोरं झुलली तरी पेलेल. आईनं तो सांधा बोटांनी चाचपून पाहिला, पोराच्या दंडाचा घेर मोजावा तसा.

ठरलेल्या रविवारी वंदना झाली, लोक हॉलमध्ये बसून राहिले. गांगुर्डे काकांनी विषय मांडला. कुणीतरी मागून म्हणालं, "फ्रेम कुठे गेली, दहा वर्षं झाली वाटतं." हशा झाला. आई उभी राहिली. तिच्या हातात फ्रेममधून काढलेलं कार्ड होतं. तिनं ते उलटं धरलं आणि सगळ्या अटी, एकही न गाळता, मराठीत वाचून दाखवल्या. सपाट नसलेल्या फरशीपाशी आली तेव्हा लोक खाली आपापल्या पायांकडे बघत होते.

"या खुर्च्या जेवायच्या होत्या," ती म्हणाली. "आपण पोरांना त्यावर वाचायला बसवलं. जेवणारा पुढे वाकतो, वाचणारा मागे रेलतो. कंपनीच्या माणसानं प्रत्येक खुर्ची बघितली. एकही फेकाफेकीनं मोडलेली नाही, एकही भांडणात मोडलेली नाही. आपल्या पोरांनी या खुर्च्या वाचून मोडल्यात. तुम्ही विचारता ना, आमची कोणती? जी जास्त मोडलीय तिच्यावर जास्त वाचलं गेलंय. आता सांगा, तुमच्या घरची कोणती असावी?"

गांगुर्डे काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. रेल्वेत बर्थ झोपून मोडतात, खिडक्या दगडांनी फुटतात, हे त्यांना माहीत होतं. वाचून मोडलेली वस्तू त्यांनी पहिल्यांदा बघितली, असं ते नंतर कित्येकदा सांगायचे. त्या दिवशी मात्र ते एवढंच म्हणाले, "पण वहिनी, वॉरंटी तर गेली ना?"

"त्यांची गेली. या हॉलच्या दारात उभं राहून 'दहा वर्षं' असं मी म्हटलं होतं, कंपनीनं नाही. ती माझी आहे."

काकांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "ड्रिल मशीन माझ्याकडे आहे. पण ते मी चालवणार. तुमच्या हातात देणार नाही, बोट घालवाल."

त्या रात्री जेवण झाल्यावर आईनं पप्पांना मजकूर सांगितला. पप्पांनी विचारलं, "मोठ्या टायपात काय?" आई म्हणाली, "सगळं एकाच टायपात." पप्पांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत असं कुणी सांगितलं नव्हतं. मजकूर असा होता: या खुर्चीवर कोणीही बसावे. रोज, दिवसभर. मागे रेलून वाचले तरी चालेल. मोडली तर मी दुरुस्त करीन. दहा वर्षे. खाली तिचं पूर्ण नाव. तो कागद जुन्या फ्रेममध्ये बसला, जुन्या जागी लागला. पुढचे कित्येक रविवार हॉलमध्ये ड्रिलचा आवाज आणि लोखंडाच्या भुशाचा वास होता. गांगुर्डे काका भोकं पाडत, आई पट्टी धरी, सुनील नट आवळी आणि आवळून झाला की बसून झुलून दाखवी. तोच आमचं मशीन.

सुनील आता पोलिसात आहे. देवरे सर दुसऱ्या कंपनीत गेले असं ऐकलं. आणि मी त्याच खुर्च्यांमधल्या एकीवर बसून हे लिहिते आहे, मागे रेलून, कारण या प्रकरणासाठी मला दुसऱ्या कुठल्या खुर्चीवर बसणं पटेना. हॉलला रंग द्यायचा म्हणून परवा भिंतीवरच्या सगळ्या तसबिरी खाली उतरवल्या, त्यात ती फ्रेमही होती. पुठ्ठा सैल झाला होता, खिळे गंजले होते. कुणी बघत नाही असं पाहून मी तो कागद बाहेर काढला आणि उलटा केला.

मागची बाजू कोरी होती.

आई पलीकडे फरशीवर बसली होती, एका उलट्या ठेवलेल्या खुर्चीच्या पायांमध्ये डोकं घालून. तिचे गुडघे आता दुखतात, उठताना भिंत लागते. मी म्हटलं, "आई, दहा वर्षं झाली गं. मुदत संपली तुझी."

"पोरं वाचायची थांबली का?" ती खुर्चीतूनच म्हणाली आणि एक हात बाहेर काढला. "पाना दे इकडे."